व्हर्सायचा गुलाब, जपानची माती

पॅरिसच्या बॅस्टिल किल्ल्यावर १४ जुलै १७८९ रोजी लोक चालून गेले, हे आपण सगळे शाळेत शिकलो. त्या दिवशी किल्ल्यात जेमतेम सात कैदी होते, हेही काहींना आठवत असेल. लोक चिडलेले होते, संख्येनं भरपूर होते. पण चिडून भिंती पडत नाहीत. बाजी फिरली ती ‘गार्द फ्रांसेझ’ या राजाच्याच पलटणीतले शिपाई तोफा घेऊन लोकांना येऊन मिळाले तेव्हा. हा झाला इतिहास.

आता जपानमधल्या साठी-पासष्टीच्या एखाद्या बाईंना विचारा, की त्या शिपायांच्या पुढे कोण होतं? बाई बहुधा हसून सांगतील, ‘ऑस्कर’. हसतील अशासाठी, की ऑस्कर नावाचं कोणी तिथं नव्हतं हे त्यांनाही पक्कं ठाऊक असतं. तरीही नाव तेच येईल. खऱ्या माणसांनी भरलेल्या इतिहासात एक खोटं माणूस शिरलं आणि पन्नास वर्षं झाली तरी ते बाहेर पडायला तयार नाही. पुस्तकातून पुस्तकं निघाली, नाटकातून नाटकं निघाली. हे कसं घडलं, ते आज सांगायचं आहे.

जपानी चित्रकथांना ‘मांगा’ म्हणतात. आपल्याकडे चित्रकथा म्हटलं की मुलांचा विरंगुळा एवढंच डोळ्यांपुढे येतं. जपानमध्ये मुलांसाठी, मुलींसाठी, नोकरदारांसाठी, गृहिणींसाठी वेगवेगळी मांगा साप्ताहिकं आणि मासिकं निघतात. मुलींसाठीच्या ‘मार्गारेट’ या साप्ताहिकात १९७२ च्या मे महिन्यात ‘व्हर्सायचा गुलाब’ ही मालिका सुरू झाली आणि १९७३ च्या अखेरीला संपली. जपानी भाषेत तिचं नाव ‘बेरुसाइयु नो बारा’. वाचकांनी ते तोडून ‘बेरुबारा’ केलं. लोक एखाद्या गोष्टीचं नाव लाडानं तोडू लागले, की ती गोष्ट त्यांची झाली असं खुशाल समजावं.

लेखिका आणि चित्रकार रियोको इकेदा. जन्म १९४७, ओसाका. मालिका सुरू झाली तेव्हा वय चोवीस. शाळेत असताना त्यांच्या हाती स्टीफन झ्वाइग या ऑस्ट्रियन लेखकानं लिहिलेलं फ्रान्सच्या राणीचं, मारी आंत्वानेतचं चरित्र पडलं होतं. या राणीवर आपण कधीतरी काही करायचं, हे तेव्हापासून त्यांच्या मनात होतं. प्रकाशकांकडचं मत मात्र उलट. मुलींना इतिहास नको असतो, त्यांना तो कळत नाही, असं तिथं पक्कं धरलेलं होतं. मालिका चालली नाही तर ताबडतोब बंद, या बोलीवर इकेदांना पानं मिळाली.

तो काळही ध्यानात घ्यायला हवा. इकेदा विद्यार्थिदशेत कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेत होत्या. साठीच्या दशकाच्या शेवटी जपानची विद्यापीठं विद्यार्थ्यांच्या चळवळीनं पेटलेली होती. त्या चळवळीतल्या एका जहाल गटानं फेब्रुवारी १९७२ मध्ये डोंगरातल्या एका विश्रामगृहात एका बाईंना ओलीस धरलं. दहा दिवस पोलिसांचा वेढा चालला आणि सगळ्या देशानं तो टेलिव्हिजनवर पाहिला. पाठोपाठ उघड झालं, की या गटानं आपल्याच साथीदारांना हाल करून मारलं होतं. क्रांती हा शब्द उच्चारायची लोकांना शिसारी यावी असे ते दिवस. आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी मुलींच्या एका साप्ताहिकात फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली! रस्त्यावरून हद्दपार झालेला एक प्रश्न रेशमी झगे घालून मागच्या दारानं घरात आला, असं मला वाटतं. माणसानं आपल्या वर्गाशी, आपल्या घराण्याशी इमान राखायचं, की समोर दिसणाऱ्या अन्यायाशी भांडायचं, हा तो प्रश्न.

कथेची नायिका ठरली होती राणी. ऑस्कर हे बाजूचं पात्र. जनरल जार्जे या सरदाराला मुलगा हवा असतो, सगळ्या मुलीच होतात. शेवटच्या मुलीचं नाव तो ऑस्कर ठेवतो आणि तिला मुलासारखी वाढवतो. ती राणीच्या पहाऱ्यावरची अधिकारी होते. तिच्या दाईचा नातू आंद्रे लहानपणापासून तिच्या सोबतीला असतो. नोकर म्हणून, आणि मनातल्या मनात प्रेमिक म्हणून. ऑस्कर आधी राणीची एकनिष्ठ असते. मग ती व्हर्सायच्या बाहेरचं पॅरिस बघते, भुकेली माणसं बघते. राजवाड्यातली मानाची जागा सोडून ती ‘गार्द फ्रांसेझ’मध्ये बदली मागून घेते. तिथले गरीब घरांतले शिपाई आधी तिला जुमानत नाहीत. त्यांचा विश्वास ती कमावते. शेवटी सरदारकीवर पाणी सोडून ती शिपायांसह लोकांच्या बाजूनं उभी राहते. आदल्या दिवशी आंद्रे मरतो, आणि बॅस्टिलच्या लढाईत ती स्वतः.

यातला जनरल जार्जे इतिहासात आहे. राणी तुरुंगात असताना १७९३ मध्ये तिला सोडवण्याच्या एका फसलेल्या कटात तो होता. राणीवर जीव लावणारा स्वीडिश सरदार फर्सेन हाही खराच. या खऱ्या बापाच्या पोटी इकेदांनी एक खोटी मुलगी घातली. याचं कारण त्यांनी पुढं मुलाखतींतून सांगितलं आहे. लोकांना मिळालेल्या पलटणीचा अधिकारी हे पात्र त्यांना हवं होतं. पण पुरुष लष्करी अधिकाऱ्याच्या मनात काय चालतं हे आपल्याला लिहिता येणार नाही, असं चोविशीतल्या इकेदांना वाटलं. म्हणून त्यांनी तो अधिकारीच बाई करून टाकला. लेखकाची अडचण कधी कधी अशी कामाला येते. आम्हा कवींनाही हा अनुभव आहे. वृत्तात शब्द बसत नाही म्हणून दुसरा शोधायला जावं, तर जास्त खरा शब्द हाताला लागतो.

पुढचं काम वाचकांनी केलं. आठवड्यामागून आठवडा पत्रं येत गेली, आणि ती ऑस्करबद्दल होती. राणी मागं सरकली, बाजूचं पात्र मधोमध आलं. कारण समजण्यासारखं आहे. त्या वेळच्या जपानी मुलीपुढे मळलेली वाट एकच होती. शिक्षण, थोडी वर्षं ऑफिसात चहा देण्याची नोकरी, मग लग्न. आणि इथं एक बाई हुकूम देते, चुकते, प्रेम करते, प्रेम कोणावर करायचं हे स्वतः ठरवते, आणि कोणत्या बाजूनं मरायचं हेही स्वतः ठरवते. तिची सगळी मोठेपणाची वस्त्रं बापानं दिलेली असतात. शेवटचा निर्णय तेवढा तिचा असतो. ऑस्कर मेल्यानंतर मालिका फार लांबली नाही. राणीचा १६ ऑक्टोबर १७९३ चा शिरच्छेद दाखवून आणि १८१० साली स्टॉकहोमच्या रस्त्यावर जमावानं फर्सेनला ठार मारलं तिथवर येऊन ती थांबली. फर्सेन मेला ती तारीख २० जून. राजा-राणीला पॅरिसमधून पळवून नेण्याचा त्याचा प्रयत्न १७९१ मध्ये सुरू झाला तीही २० जूनच. काही योगायोग इतिहासच इतके नेटके जुळवतो, की कादंबरीकारानं ते लिहिले असते तर आपण त्याला हसलो असतो.

आता नाटकाकडे वळू. ओसाकाजवळ ताकाराझुका नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे. तिथवर रेल्वे नेणाऱ्या कंपनीचे कर्ते इचिझो कोबायाशी यांना गाडीला उतारू हवे होते. त्यांनी १९१३ मध्ये तिथं मुलींचं गायनपथक उभं केलं, आणि १९१४ मध्ये एका न चाललेल्या पोहण्याच्या तलावावर फळ्या टाकून केलेल्या रंगमंचावर पहिला प्रयोग झाला. तेव्हापासून आजपर्यंत ताकाराझुकाच्या रंगमंचावर सगळ्या भूमिका स्त्रियाच करतात. मुली दोन वर्षं तिथल्या संगीतशाळेत शिकतात. मग काही जणी जन्मभर पुरुषपात्रं करतात, काही जणी स्त्रीपात्रं. प्रत्येकीला रंगमंचासाठी वेगळं नाव घ्यावं लागतं, शायर तखल्लुस घेतो तसं. सुरुवातीच्या मुलींची ही नावं शंभर कवींच्या एकेक कवितेच्या जुन्या जपानी संग्रहातून घेतली जात, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

आपल्या वाचकाला इथं बालगंधर्व आठवतील, आणि ते साहजिक आहे. आपल्याकडे पुरुषानं बाईचा पदर घेतला. तिकडे बाईनं पुरुषाचा कोट घातला. फरक इतकाच, की आपल्याकडची प्रथा स्त्रिया रंगमंचावर आल्यावर ओसरली, त्यांची मात्र शतक ओलांडूनही चालू आहे.

ती सुरळीत चालू होती असं नाही. सत्तरीच्या सुरुवातीला टेलिव्हिजननं प्रेक्षक ओढून नेले होते आणि ताकाराझुकाची नाट्यगृहं रिकामी राहू लागली होती. संस्थेचे नाटककार शिन्जी उएदा यांनी ‘व्हर्सायचा गुलाब’ रंगमंचावर आणायचं ठरवलं. यावर मांगाच्या वाचकांकडूनच विरोधाची पत्रं आली. कागदावरची ऑस्कर म्हणजे हातभर लांब पाय, वाऱ्यावर सोनेरी केस आणि डोळ्यांत चांदण्या. हाडामांसाची नटी ते कुठून आणणार?

दिग्दर्शनासाठी बोलावलं गेलं काझुओ हासेगावा यांना. जपानी सिनेमाचे हे गाजलेले नट मूळचे काबुकी रंगभूमीवर तयार झालेले, आणि तिथं ते स्त्रीभूमिका करत. पुरुषानं बाई कशी व्हायचं हे शिकलेला माणूस, पुरुष होऊन वावरणाऱ्या मुलींना, पुरुषासारखी वाढलेली बाई कशी उभी करायची ते शिकवत होता! या वाक्याचा गुंता सोडवत बसू नका. तालमीत तो सहज सुटला. कारण ते गणित शरीराचं होतं. मान किती वळवायची, हात कुठं थांबवायचा, नजर कधी उचलायची. डोळ्यांतल्या चांदण्यांचा प्रश्नही हासेगावांनी असाच सोडवला. वरच्या मजल्यावरची ठरावीक जागा हेरून नटीनं नेमकी तिथं नजर न्यायची; त्या कोनात दिव्यांचा प्रकाश बुबुळांत उतरतो आणि डोळे चमकतात. चित्रकारानं कागदावर रेघांनी जे केलं, ते नाटकवाल्यानं दिव्यांच्या जागा मोजून केलं.

पहिला प्रयोग २९ ऑगस्ट १९७४ रोजी ताकाराझुकाच्या ‘चंद्र’ पथकानं केला. युरी हारुना ऑस्कर आणि जुन हात्सुकाझे राणी. शेवटी राणी रंगमंचावरच्या भव्य जिन्यानं गिलोटिनकडे चढत जाते, हा प्रवेश लोकांच्या मनात घर करून राहिला. पत्रं लिहून विरोध करणारेच रांगा लावू लागले. पुढच्या दोन वर्षांत चारही पथकांनी हे नाटक केलं आणि चौदा लाख लोकांनी ते पाहिलं. एका नाटकानं संस्थेला जीवदान दिलं, असं ताकाराझुकाच्या इतिहासात आज सरळ लिहिलं जातं.

यापुढचं मला जास्त रंजक वाटतं. दहा खंडांची कथा एका संध्याकाळी मावत नाही. म्हणून नाटकाचे तुकडे पडत गेले. १९७४ मध्ये राणी केंद्रस्थानी, १९७५ मध्ये ऑस्कर आणि आंद्रे, १९७६ मध्ये फर्सेन आणि राणी. पुढं ही रीतच झाली. ज्या पथकाची आघाडीची नटी ज्या भूमिकेत शोभेल, त्या पात्राचा ‘भाग’ लिहायचा. २००८-०९ मध्ये तर उपनायकांचीही नाटकं आली. ऑस्करशी लग्नाची इच्छा धरणारा जेरोदेल, तिच्या हाताखालचा तापट शिपाई आलँ, पत्रकार बेर्नार आणि शेवटी आंद्रे. यांच्यासाठी नव्या कथा खुद्द इकेदांनी लिहून दिल्या. म्हणजे पुस्तकातून नाटक आलं, आणि त्या नाटकानं परत लेखिकेकडे जाऊन आणखी गोष्टी मागितल्या.

इकेदांच्या स्वतःच्या लेखणीतूनही फांद्या फुटत होत्याच. जपानी भाषेत अशा कथांना ‘गाइदेन’ म्हणतात. ‘बाहेरची कथा’ असा त्याचा अर्थ. आपला शब्द ‘उपाख्यान’. महाभारतात नल-दमयंती येतात तसं. उर्दूत अमीर हमजाच्या दास्तानीला ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ही फांदी फुटली आणि ती खोडापेक्षा जास्त बहरली. बेरुबाराची उपाख्यानं ऐंशीच्या दशकात आली. त्यांत ऑस्करची एक खोडकर भाची रहस्यं सोडवते. १९८६ ते १९९५ या काळात इकेदांनी नेपोलियनवर ‘एरोइका’ ही प्रदीर्घ मालिका लिहिली. बॅस्टिलनंतर जिवंत राहिलेली माणसं तिच्यात भेटतात. तो शिपाई आलँ आता सेनाधिकारी असतो, आणि क्रांतीचं साम्राज्य होताना बघतो. २००५ पासून ‘असाही’ या मोठ्या दैनिकात ऑस्कर आणि मंडळींची बुटक्या बाहुल्यांसारखी विनोदी चित्रं येत होती. ती २०१३ पर्यंत चालली. मग मूळ मालिकेच्याच नव्या कथा सुरू झाल्या आणि २०१४ मध्ये अकरावा खंड निघाला. दहाव्यानंतर तब्बल चाळीस वर्षांनी! २०१८ मध्ये चौदावा खंड आला.

या पसाऱ्यात सगळं सोनं आहे असं मी म्हणणार नाही. जाक देमी या नामवंत फ्रेंच दिग्दर्शकानं १९७९ मध्ये ‘लेडी ऑस्कर’ नावाचा सिनेमा केला. त्यात ऑस्कर मरतच नाही; गर्दीत आंद्रेला शोधत राहते. कथेचा कणाच त्यामुळे निसटतो. त्याच वर्षी सुरू झालेल्या चाळीस भागांच्या कार्टून मालिकेनं मात्र गरिबी आणि राग जास्त धीटपणे दाखवला. रंगमंचावर काय झालं? माझ्या मते तिथं प्रेम फुललं आणि क्रांती मागच्या पडद्यावर गेली. पिसांचे मुकुट, झगमगते जिने यांच्यापुढे पॅरिसची भूक फिकी पडणारच. इकेदांच्या पानांवर ऑस्कर ज्या माणसांसाठी मरते, ती माणसं रंगमंचावर समूहगीतापुरती उरतात.

तरीही ती नाटकं पोकळ झाली नाहीत. याचं कारण मला त्या नट्यांमध्ये दिसतं. ताकाराझुकाची पुरुषपात्र करणारी नटी एरवी स्वतःतली बाई लपवते. ऑस्कर करताना ती लपवून चालत नाही. दोन्ही दिसावं लागतं. गणवेश घातलेल्या एका बाईला आपण बाई आहोत हे सर्वांसमोर म्हणावं लागतं, आणि वर हुकूमही द्यावा लागतो. समोर बसलेल्या हजारो बायका हे बघत होत्या. विशेष हे, की जिथं हे घडत होतं त्या संस्थेचा नियम आहे, लग्न करायचं तर पथक सोडायचं. रंगमंचावर सगळे दरवाजे उघडे आणि मागं कडक शिस्त. या शिस्तीची किंमत काय असू शकते, हे अलीकडे जपाननं पाहिलं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या एका पंचवीस वर्षांच्या कलावतीचा मृत्यू झाला. वरिष्ठांकडून तिचा छळ झाला होता हे संस्थेनं मार्च २०२४ मध्ये मान्य केलं आणि तिच्या कुटुंबाची माफी मागितली. त्याच वर्षी ‘हिम’ पथकानं बेरुबाराची पन्नाशी फर्सेनचा भाग सादर करून साजरी केली. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडून मला बघता येत नाहीत. हुकूम पाळत आलेली ऑस्कर एका दिवशी ‘यापुढे नाही’ म्हणते. तिची भूमिका करणाऱ्या मुलींना तसं म्हणता येतं का, हा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही उभा आहे.

इकेदांनी स्वतःपुरतं त्याचं उत्तर दिलं. यश, पैसा, नाव सगळं मिळाल्यावर वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, १९९५ मध्ये त्यांनी टोकियोच्या संगीत महाविद्यालयात विद्यार्थिनी म्हणून प्रवेश घेतला आणि पुढं त्या ऑपेरात गाऊ लागल्या. फ्रान्सनं २००९ मध्ये त्यांना ‘लेजिओं द’ऑनर’ हा आपला मानाचा किताब दिला. ज्या देशाच्या इतिहासात त्यांनी एक खोटं माणूस घुसवलं, त्याच देशानं त्यांचा सन्मान केला. २०२५ च्या जानेवारीत या कथेवर नवा ॲनिमेशनपटही आला. आजीनं वाचलेली ऑस्कर आता नात बघते आहे.

इतिहासात खोटं पात्र घालावं का, यावर आपल्याकडे नेहमी वाद होतात आणि ते व्हायलाही हवेत. घटना बदलणं, तारखा फिरवणं, खऱ्या माणसाच्या तोंडी खोटे शब्द घालणं हे मला मान्य नाही. पण बेरुबारात बॅस्टिल त्याच दिवशी पडतं, राणी त्याच दिवशी मरते. लेखिकेनं एवढंच केलं, की इतिहासानं ज्यांची नावं टिपली नाहीत अशा शिपायांच्या पुढे एक रिकामी जागा होती, तिथं एक बाई उभी केली. जपानच्या मुलींनी ती जागा लगेच ओळखली. पुढची सगळी पुस्तकं आणि सगळी नाटकं त्या ओळखीतून आली आहेत. हिशेबानं बघितलं तर तो धंदाही आहे, आणि मोठा आहे. पण निव्वळ धंद्यासाठी माणसं एका मेलेल्या, कधीच नसलेल्या बाईची पन्नास वर्षं वाट बघत नाहीत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)